वसाहतीचा पहिला कागद

गेल्या महिन्यात लेखापरीक्षकांनी मागितले म्हणून आमच्या गृहनिर्माण संस्थेचे सर्वांत जुने इतिवृत्त कपाटातून बाहेर काढावे लागले. सोलापुरात विजापूर रस्त्यापासून थोडी आत असलेली आमची वसाहत १९७४ साली नोंदवली गेली. मी तिचा मानद सचिव आहे, म्हणजे निवृत्त शिक्षकाला वेळच वेळ असतो असे इतर सभासदांनी परस्पर ठरवले आहे. वहीच्या पहिल्या पानावर जांभळ्या शाईत एकोणतीस सह्या आणि दोन अंगठे आहेत. सह्या करणाऱ्यांत गिरणीतले कामगार, महापालिकेतले कारकून, दोन शिक्षक आणि एक कंपाउंडर होते. त्या दिवशी त्यांच्याजवळ जमीन नव्हती, पाणी नव्हते, रस्ता नव्हता. 'आम्ही खाली सह्या करणारे' अशी सुरुवात असलेला एक कागद तेवढा होता, आणि पुढचे सगळे त्या कागदाच्या जोरावर आले.

ते पान वाचताना मला माझा जुना वर्ग आठवला. मी तीस वर्षे शाळेत इतिहास शिकवला. अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धाचा धडा आला की सुरुवातीला, इंग्लंडमधून लोक गेले व त्यांनी अटलांटिकच्या किनाऱ्यावर तेरा वसाहती स्थापन केल्या, एवढे सांगून मी पुढे सरकत असे. एका वर्षी मागच्या बाकावरच्या एका मुलाने विचारले, "सर, वसाहत काढायला त्यांना कर्ज कुणी दिलं? आणि फेडलं कुणी?" त्याच्या घरी वसाहत म्हणजे कॉलनी आणि कॉलनी म्हणजे दर महिन्याचा हप्ता. वर्ग हसला आणि मीही हसलो. पुढे या विषयावर सवडीने वाचू लागलो तेव्हा ध्यानात आले की माझ्या त्या वाक्याला विचारण्याजोगा पहिला प्रश्न तोच होता, आणि त्याचे उत्तर मला तेव्हा येत नव्हते.

उत्तर असे की पैसा लंडनच्या व्यापाऱ्यांनी दिला. राजाने फक्त सनद दिली, आणि सनद द्यायला राजाला काही खर्च येत नाही. इंग्लंडच्या पहिल्या जेम्सने १० एप्रिल १६०६ रोजी व्हर्जिनिया कंपनीला सनद दिली. त्याआधी सव्वापाच वर्षे, ३१ डिसेंबर १६०० रोजी, एलिझाबेथ राणीने ईस्ट इंडिया कंपनीला सनद दिली होती, जिचा जाच पुढे आपल्याला सोसावा लागला. या दोन कंपन्या मी शाळेत दोन वेगवेगळ्या धड्यांत शिकवल्या, पण प्रत्यक्षात त्यांची नावे लंडनमधल्या एकाच माणसापाशी येऊन मिळतात. सर टॉमस स्माइथ हा ईस्ट इंडिया कंपनीचा पहिला गव्हर्नर, आणि हाच पुढे अनेक वर्षे व्हर्जिनिया कंपनीचा खजिनदार, म्हणजे तिचा खरा कारभारी होता. भाग विकायचे, भांडवल गोळा करायचे, जहाजे पाठवायची आणि नफा वाटून घ्यायचा, ही रीत दोन्हीकडे एकच होती.

मग एका कंपनीच्या पोटातून विधानसभा निघाल्या आणि दुसरीच्या पोटातून कलेक्टर निघाला, हे कसे? यामागे कारणे पुष्कळ आहेत. मोगलांचे राज्य मोडून तिथे शेते करता येण्याजोगी इंग्रजांची ताकद १६०० मध्ये नव्हती, हे त्यांतले मोठे कारण आहे. परंतु संस्थेचा सचिव या नात्याने माझी नजर उपविधींकडे जाते. १६०६ च्या सनदेत एक कलम असे आहे की या वसाहतींत राहणाऱ्या इंग्रजांना आणि तिथे जन्मणाऱ्या त्यांच्या मुलांना, जणू ते इंग्लंडमध्येच जन्मले आहेत अशा रीतीने, तिथल्या प्रजेचे सर्व हक्क असतील. ईस्ट इंडिया कंपनीची सनद ही व्यापाराच्या मक्तेदारीची होती. तिच्यात जाणारा माणूस नोकर म्हणून जाणार आणि वाचला तर परत येणार, हे गृहीत होते. व्हर्जिनियाच्या त्या कलमाकडे त्या वेळी कुणी फारसे लक्ष दिले असेल असे वाटत नाही; माणसे मिळावीत म्हणून घातलेली ती एक सोय असावी. तरीही पुढची पावणेदोनशे वर्षे तिथला प्रत्येक भांडकुदळ सभासद तेच कलम काढून दाखवत राहिला.

पहिली वसाहत मात्र हक्कांचा विचार करण्याच्या अवस्थेतच नव्हती. मे १६०७ मध्ये तीन जहाजांतून १०४ पुरुष आणि मुलगे व्हर्जिनियात जेम्स नदीकाठच्या एका दलदलीच्या जागी उतरले; त्या वस्तीचे नाव जेम्सटाऊन. जहाज थेट काठाला लागते आणि स्पॅनिश आरमारापासून बचाव होतो, एवढे पाहून ती जागा निवडलेली होती. उन्हाळ्यात नदीचे पाणी मचूळ होते, याची चौकशी कुणी केली नव्हती. कंपनीने त्यांना सोने शोधायला आणि पॅसिफिककडे जाणारी वाट काढायला सांगितले होते. त्यांच्यात घरंदाज सद्गृहस्थ पुष्कळ होते आणि नांगर धरणारे थोडे. जानेवारी १६०८ पर्यंत त्यांच्यातले अवघे ३८ जिवंत राहिले. पुढे आणखी माणसे आली, पण १६०९-१० चा हिवाळा त्याहून भयंकर गेला. घोडे, कुत्री, उंदीर आणि चामड्याचे जोडे खाऊन झाल्यावर माणसांनी माणसे खाल्ली, असे जुन्या नोंदींत होते आणि ते अतिशयोक्त असावे असे अनेकांना वाटे. परंतु २०१२ मध्ये तिथल्या उत्खननात चौदा वर्षांच्या एका मुलीची कवटी सापडली आणि तिच्यावरील शस्त्राच्या खुणांनी तो संशय मिटवला. तटबंदीच्या आत वसंतापर्यंत साठ जण उरले. बहात्तरच्या दुष्काळात खडी फोडलेली माणसे आमच्या सभासदांत आहेत. हा भाग मी त्यांना सांगितला तेव्हा कुणी काही बोलले नाही.

वसाहत वाचली ती तंबाखूने, आणि इथे सोलापूरकराला आपला विषय सुरू झाल्यासारखे वाटते. आमचा रस्ता ज्या विजापूरला जातो त्या आदिलशाही दरबारात तंबाखू जेम्सटाऊनच्याही आधी पोहोचली होती. पोर्तुगीजांनी ती पश्चिम किनाऱ्यावर आणली होती, आणि अकबराचा वकील असद बेग याने १६०४ च्या सुमारास विजापुराहून ती चिलमीसकट बादशहाकडे नेली. त्याच १६०४ मध्ये इंग्लंडात जेम्स राजाने धूम्रपानाचा कडक निषेध करणारी एक पुस्तिका स्वतः लिहिली होती. त्याच्याच नावाच्या नदीकाठी, त्याच्याच नावाच्या वसाहतीत जॉन रॉल्फ नावाच्या माणसाने १६१२ च्या सुमारास वेस्ट इंडीजकडचे गोड तंबाखूचे बी लावले. १६१७ मध्ये सुमारे २०,००० पौंड तंबाखू इंग्लंडला गेली, आणि त्या साली आलेल्या गव्हर्नराला जेम्सटाऊनच्या रस्त्यांतही तंबाखूच लावलेली दिसली. राजाने निषेध तसाच ठेवला आणि जकात वसूल केली.

तंबाखूवर पोट चालवणारी वसाहत कशी असते, हे आम्हाला परक्या देशात जाऊन पाहावे लागत नाही. शहराच्या पूर्व भागात घरोघरी सुपात पाने घेऊन विड्या वळणाऱ्या बाया आहेत, आणि कुंभारीला गोदूताई परुळेकर यांच्या नावाने विडी कामगार महिलांनी सहकारी तत्त्वावर उभी केलेली दहा हजार घरांची वसाहत आहे. पण या बायांच्या बोटांना जसा हजार विड्यांचा हिशोब कळतो, तसा व्हर्जिनियातल्या जमीनदाराला एकच हिशोब कळत होता, तो म्हणजे या पिकाला हात फार लागतात. त्या हातांसाठी कंपनीने युक्ती काढली: जो स्वतःच्या खर्चाने एक माणूस आणील त्याला पन्नास एकर जमीन. गरीब इंग्रज तरुण चार ते सात वर्षांच्या करारावर येऊ लागले. पन्नास एकर आणणाऱ्याला मिळत, येणाऱ्याला नव्हे.

१६१९ हे साल मला या सगळ्या कहाणीत सर्वांत महत्त्वाचे वाटते, आणि आमच्या धड्यात ते नव्हते. त्या वर्षी ३० जुलैला जेम्सटाऊनच्या चर्चमध्ये अकरा वस्त्यांचे प्रत्येकी दोन असे बावीस प्रतिनिधी जमले. नियम करण्यासाठी निवडून आलेल्या लोकांची इंग्रजांच्या अमेरिकेतली ती पहिली सभा होती. उन्हाळा इतका कडक होता की एक प्रतिनिधी सभा चालू असतानाच वारला आणि सहा दिवसांत कामकाज आटोपते घ्यावे लागले. सोलापुरात मे महिन्यात सर्वसाधारण सभा लावणाऱ्यांनी ही नोंद अवश्य वाचावी. त्याच महिन्यात लंडनमधील कंपनीच्या दप्तरात आणखी एक मौजेची नोंद झाली. व्हर्जिनियात राहणाऱ्या पोलंडच्या कारागिरांनी तक्रार केली होती, आणि त्यांनाही इतर रहिवाशांप्रमाणे मताधिकार द्यावा असे ठरले. डांबर आणि राळ काढणारी ती माणसे होती; ती रुसली असती तर कंपनीचे नुकसान झाले असते.

यानंतर जेमतेम चार आठवड्यांनी, ऑगस्टच्या अखेरीस, पॉइंट कम्फर्ट येथे 'व्हाइट लायन' नावाचे जहाज लागले. त्याने एका पोर्तुगीज गुलामवाहू जहाजावरून लुटून आणलेल्या अंगोलाकडच्या वीसेक स्त्रीपुरुषांना उतरवले आणि बदल्यात अन्नधान्य घेतले. त्यांच्यासाठी कुठल्याही कागदावर कलम नव्हते. पुढची चाळीस वर्षे ते कलम तुकड्यातुकड्याने लिहिले गेले. १६४० मध्ये तीन नोकर मालकाकडून पळाले आणि पकडले गेले. त्यांतल्या दोघा गोऱ्यांच्या कराराची मुदत चार वर्षांनी वाढली, आणि तिसऱ्याला, जॉन पंच नावाच्या काळ्या माणसाला, जन्मभर चाकरीची शिक्षा झाली. १६६२ मध्ये व्हर्जिनियाच्या विधानसभेने, म्हणजे चर्चमध्ये उन्हाने हैराण झालेल्या त्या सभेच्याच वारसांनी, ठराव केला की मूल स्वतंत्र की गुलाम हे त्याच्या आईवरून ठरेल. इंग्रजी रिवाजात मूल बापाचे. इथे मळेवाल्याने स्वतःच्याच पोराला गुलाम म्हणून हिशोबात धरता यावे यासाठी रिवाज उलटा केला. लोकांनी निवडलेली सभा आणि गुलामगिरी या दोन गोष्टी एकमेकींच्या विरुद्ध होत्या असे आपण शिकवतो. त्या काळच्या कागदांत मात्र दुसरी गोष्ट पहिलीच्या बहुमताने मंजूर झालेली दिसते.

उत्तरेकडची गोष्ट अधिक प्रसिद्ध आहे, आणि त्या मुलाच्या प्रश्नाचे नेमके उत्तरही तिथे मिळते. इंग्लंडच्या चर्चपासून फारकत घेतलेली काही कुटुंबे आधी हॉलंडमधल्या लायडनला जाऊन राहिली होती. लंडनच्या व्यापाऱ्यांशी सात वर्षांच्या भागीदारीचा करार करून १६२० मध्ये ती 'मेफ्लॉवर' जहाजातून निघाली. सोबत व्यापाऱ्यांनी भरती केलेली, त्यांच्या पंथाची नसलेली माणसेही होती. एकूण प्रवासी १०२. जाण्याचा परवाना व्हर्जिनियाचा होता आणि नोव्हेंबरात जहाज लागले ते पुष्कळ उत्तरेला, केप कॉडला. तेव्हा त्या इतर माणसांपैकी काहींनी कुजबुज सुरू केली की परवान्याच्या बाहेरची जागा असल्यामुळे इथे कुणाचा हुकूम आपल्यावर चालत नाही. कायद्याच्या दृष्टीने त्यांचे म्हणणे बरोबर होते. म्हणून किनाऱ्यावर पाय ठेवण्याआधी ४१ पुरुषांनी एका कागदावर सह्या केल्या, ज्यात आपण मिळून एक नागरी समाज होत आहोत, सर्वांच्या हिताचे नियम करू आणि ते पाळू, असे होते. राजनिष्ठेचे शब्द वगळले तर मजकूर चार ओळींचा उरतो. आमच्या इतिवृत्ताचे पहिले पान त्याहून लांब आहे, पण आमच्याकडे नमुना होता. बायकांच्या सह्या त्यांच्याकडे नव्हत्या. १९७४ च्या आमच्या पानावर एक आहे, आणि तीही नवरा वारल्यामुळे.

पहिल्या हिवाळ्यात निम्मे लोक मेले. उरलेले ज्या प्लिमथला राहिले ते मूळचे पटुक्सेट नावाचे गाव. १६१६ ते १६१९ या काळात युरोपियनांच्या जहाजांबरोबर आलेल्या साथीने ते ओसाड झाले होते. शेते तयार होती, माणसे नव्हती. त्या गावचा टिस्क्वांटम नावाचा माणूस वाचला होता, कारण १६१४ मध्ये एका इंग्रज कप्तानाने त्याला पळवून स्पेनमध्ये विकले होते. तिथून सुटून तो इंग्लंडला गेला, इंग्रजी शिकला आणि घरी परतला तो रिकाम्या गावात. त्यानेच नवख्यांना मका लावायला शिकवले आणि वाम्पानोआग या तिथल्या मूळ जमातीचा प्रमुख मॅसासोइट याच्याशी मार्च १६२१ च्या तहात दुभाषाचे काम केले. व्यापाऱ्यांचे देणे मात्र साथीने माफ झाले नाही. पुढे वसाहतीतल्या काही पुढाऱ्यांनी १,८०० पौंडांचे देणे आपल्या अंगावर घेतले आणि फरच्या व्यापारातून, एकमेकांवर खोट्या हिशोबांचे आरोप करत, ते १६४८ मध्ये फेडून संपवले. अठ्ठावीस वर्षे! आमचे कर्ज वीस वर्षांत फिटले होते.

मला स्वतःला सर्वांत भुरळ पडते ती मॅसॅच्युसेट्स बे कंपनीची, आणि याचे कारण निव्वळ सचिवकीचे आहे. १६२९ च्या तिच्या सनदेत कंपनीची सभा कुठे भरावी हे लिहिलेलेच नव्हते. बाकीच्या कंपन्यांची कचेरी लंडनमध्ये असे आणि तिथून त्या वसाहतीवर राज्य करीत. या कंपनीतल्या प्यूरिटन, म्हणजे इंग्लंडचे चर्च आणखी शुद्ध व्हावे असे मानणाऱ्या, भागधारकांनी ऑगस्ट १६२९ मध्ये केंब्रिजला बसून ठरवले की आपण स्थलांतर करू तर सनदही बरोबर नेऊ. जॉन विन्थ्रॉप गव्हर्नर झाला, आणि १६३० मध्ये ती सनद समुद्रापार गेली. कंपनीची सर्वसाधारण सभा हीच तिकडची विधानसभा झाली, भागधारक हाच नागरिक झाला, आणि राजाच्या माणसांना हे कळेपर्यंत मध्ये तीन हजार मैल पाणी होते. एका गाळलेल्या ओळीतून इतके मोठे राज्य निघाल्याचे दुसरे उदाहरण माझ्या वाचनात नाही. विन्थ्रॉपलाही पुढे त्याच औषधाचा डोस मिळाला. चार वर्षे तो आणि त्याचे मोजके सहकारी कारभार हाकत होते. १६३४ मध्ये गावोगावच्या सभासदांनी मूळ सनद दाखवा असा आग्रह धरला, आणि ती पाहिल्यावर कळले की कायदे करण्याचा अधिकार सर्व सभासदांच्या सभेला आहे. त्या वर्षापासून प्रत्येक गावचे प्रतिनिधी निवडून येऊ लागले आणि विन्थ्रॉप गव्हर्नरपदावरून गेला. सभासदाने दप्तर मागितले की सचिवाच्या पोटात गोळा का येतो, ते यावरून समजावे.

या लोकांच्या मनात कराराची जी कल्पना होती तिला आपल्याकडे जवळचा शब्द नवसाचा आहे, परंतु एकट्याने बोललेला नवस नव्हे, तर सगळ्या गावाने मिळून बोललेला आणि एकानेही मोडला तर सगळ्यांना भोवणारा. देवाशी असा करार करून मंडळी जमली की चर्च होते, वरून बिशप नेमण्याची गरज नाही, हा त्यांचा सिद्धांत. त्यातून दोन परस्परविरोधी गोष्टी निघाल्या. प्रत्येकाला बायबल वाचता आले पाहिजे म्हणून १६४७ मध्ये कायदा झाला की पन्नास घरांच्या गावाने लिहायला-वाचायला शिकवणारा मास्तर नेमावा. मास्तराचा पगार कायद्यात आणणाऱ्यांविषयी मी वाईट बोलणार नाही. दुसरीकडे, शेजाऱ्याच्या पापाची शिक्षा आपल्याला होणार असेल तर शेजाऱ्याच्या घरात डोकावणे हे कर्तव्यच ठरते. मत फक्त चर्चच्या सभासदांना होते. घरी बायकांना जमवून प्रवचनांची चिकित्सा करणाऱ्या अ‍ॅन हचिन्सन यांना त्यांनी १६३७ मध्ये हद्दपारीची शिक्षा दिली, आणि मेरी डायर या क्वेकर पंथाच्या बाईंना, बंदी मोडून पुन्हा आल्या म्हणून, १६६० मध्ये बॉस्टनला फाशी दिले. धर्मस्वातंत्र्यासाठी समुद्र ओलांडलेले लोक, असे त्यांचे वर्णन मी वर्गात करीत असे. ते स्वातंत्र्य त्यांना स्वतःपुरते हवे होते.

या सर्वांत मनापासून आवडावा असा माणूस म्हणजे रॉजर विल्यम्स. हा स्वतः कडक प्यूरिटन, इतका कडक की कुठलेच चर्च त्याला पुरेसे शुद्ध वाटेना. पण त्याच कडकपणातून तो या निष्कर्षाला आला की सरकारने श्रद्धेत हात घातला तर श्रद्धाच विटाळते. शिवाय त्याने विचारले की इंग्लंडच्या राजाने जी जमीन कधी पाहिली नाही ती तो देऊन कशी टाकतो? १६३५ मध्ये त्याला हद्दपार केले. हिवाळ्यात बर्फातून चालत तो दक्षिणेला गेला, नॅरागॅन्सेट लोकांकडून जमीन घेतली आणि १६३६ मध्ये प्रॉव्हिडन्स वसवले. तिथल्या रहिवाशांनी बहुमताचे निर्णय पाळण्याचे जे वचन लिहून दिले त्यात 'फक्त नागरी बाबतींत' असे शब्द आहेत, आणि माझ्या मते या साऱ्या दप्तरातले हे सर्वांत मोलाचे शब्द आहेत. पुढे एका पत्रात त्याने जहाजाचा दाखला दिला. जहाजावर कॅथलिक, प्रोटेस्टंट, ज्यू आणि मुसलमान असतील तर कप्तानाने कुणालाही प्रार्थनेला ओढू नये आणि कुणाला स्वतःच्या प्रार्थनेपासून अडवू नये. जहाज कुठल्या दिशेने न्यायचे आणि शिस्त कशी राखायची, हे मात्र त्याने सांगावे आणि सर्वांनी ऐकावे.

बाकीच्या वसाहतींचे सनदपत्र चाळले की प्रत्येकीचा वेगळा स्वभाव दिसतो. मेरीलँड कॅथलिक जहागीरदाराची. तिथला १६४९ चा सहिष्णुतेचा कायदा सर्व ख्रिस्ती पंथांना अभय देतो आणि ख्रिस्ताचे देवत्व नाकारणाऱ्याला देहदंड सांगतो. पेन्सिल्व्हेनिया ही १६८१ मध्ये दुसऱ्या चार्ल्सने विल्यम पेनला दिली, कारण पेनच्या वडिलांचे सोळा हजार पौंड राजाकडे येणे होते. त्या मुलाला सांगण्यासारखी आणखी एक कर्जाची गोष्ट. कॅरोलायनाच्या १६६९ च्या घटनेच्या मसुद्यात जॉन लॉक या इंग्रज तत्त्ववेत्त्याचा हात होता, आणि तिच्यात स्वतंत्र नागरिकाला त्याच्या काळ्या गुलामावर पूर्ण सत्ता दिलेली आहे. माणसाच्या नैसर्गिक हक्कांविषयी त्याचे प्रसिद्ध लेखन त्यानंतर वीस वर्षांनी आले. जॉर्जिया सर्वांत शेवटची, १७३२ च्या सनदेची. तिच्या विश्वस्तांनी आधी गुलाम ठेवायला बंदी केली होती. ती वीस वर्षेही टिकली नाही.

जमिनीविषयी विन्थ्रॉपचा युक्तिवाद असा होता की इथले मूळ लोक कुंपण घालत नाहीत, कायम एका जागी राहत नाहीत, म्हणून त्यांना लागते तेवढी सोडून उरलेली जमीन मोकळी आहे. पड जमीन किंवा गायरान म्हणजे बेवारस जमीन नव्हे, हे आपल्याकडे तलाठीही जाणतो. पण लॉकने पुढे याच विचाराला तत्त्वज्ञानाची बैठक दिली. जॉन एलियट नावाचा पाद्री मात्र त्या लोकांची भाषा शिकला, १६६३ मध्ये त्या भाषेत संपूर्ण बायबल छापले, आणि ख्रिस्ती झालेल्यांसाठी नॅटिकसारखी आखीव गावे वसवली. १६७५ मध्ये इंग्रज आणि मूळ लोक यांच्यात युद्ध पेटले तेव्हा याच ख्रिस्ती झालेल्या, इंग्रजांशी एकनिष्ठ राहिलेल्या माणसांना संशयावरून बॉस्टनच्या बंदरातील डिअर बेटावर नेऊन ठेवले, आणि हिवाळ्यात त्यांतले पुष्कळ जण थंडी-उपासमारीने मेले.

हे वाचल्यावर मला आमच्याच शहरातला एक पत्ता आठवतो. सोलापुरात 'सेटलमेंट' हा शब्द सगळ्यांना ठाऊक आहे. १८७१ च्या कायद्याने ज्या जमातींना जन्मतःच गुन्हेगार ठरवले त्यांना इथे तारेच्या कुंपणाआड ठेवले होते. हजेरी द्यायची, परवानगीने बाहेर जायचे, गिरणीत राबायचे आणि परत कुंपणात यायचे. ३१ ऑगस्ट १९५२ रोजी तो कायदा गेला, आणि आज त्या भागाचे नाव 'सेटलमेंट फ्री कॉलनी' असे लिहितात. अमेरिकेच्या इतिहासात हा शब्द येऊन वसणाऱ्यांचा आहे, आमच्याकडे तो कोंडून वसवलेल्यांचा आहे, आणि या पत्त्यात तर कॉलनी, सेटलमेंट आणि स्वातंत्र्य हे तिन्ही शब्द एका ओळीत आलेले आहेत. पोस्टमनला त्यात काही वावगे वाटत नाही.

प्यूरिटनांच्या चर्चचे वारस आपल्याकडेही आले होते. मॅसॅच्युसेट्समध्ये १८१० साली स्थापन झालेल्या मंडळाचे मिशनरी १८१३ मध्ये मुंबईला उतरले, आणि त्यांचे अमेरिकन मराठी मिशन पुढे अहमदनगर, सोलापूर असे पसरले. 'ज्ञानोदय' त्यांनीच १८४२ मध्ये सुरू केले. खेड्यात मास्तर नेमण्याची १६४७ ची सवय त्यांनी बरोबर आणली होती, असे मला वाटते. त्यांच्या नगरच्या मुलींच्या शाळेशी जोतीराव आणि सावित्रीबाईंचा संबंध आला, आणि १८७३ मध्ये जोतीरावांनी 'गुलामगिरी' अमेरिकेतल्या त्या सज्जनांना अर्पण केली ज्यांनी गुलामांच्या मुक्तीसाठी झीज सोसली. अर्पणपत्रिकेत त्यांनी वसाहती स्थापणाऱ्यांची नावे घेतली नाहीत. ज्यांनी दोनशे वर्षांनी तो कागद दुरुस्त करायला भाग पाडले, त्यांची आठवण ठेवली.

आमच्या वसाहतीत आज निम्म्याहून अधिक घरांत भाडेकरू राहतात. पाणीपट्टीचा त्यांचा वाटा ते देतात, गणपतीची वर्गणी देतात, आणि सर्वसाधारण सभेच्या दिवशी खालच्या कट्ट्यावर बसून आतले भांडण ऐकतात. उपविधींप्रमाणे त्यांना मत देता येत नाही, आणि ते बदलणे आमच्या हातात नाही. सभेत बसून बोलू द्यावे, एवढा ठराव मी येत्या रविवारच्या विषयपत्रिकेत सातव्या क्रमांकावर घातला आहे. दोन जुन्या सभासदांनी मूळ इतिवृत्त पाहायला मागितले आहे, ते शनिवारी संध्याकाळी येणार आहेत. गणपूर्ती झाली नाही तर सभा अर्ध्या तासाने त्याच ठिकाणी भरेल.